कंठ फुटलेली गिटार

कंधारच्या त्या पत्र्याच्या खोलीत भर दुपारी शंभरेक माणसे श्वास रोखून बसली होती. भिंतीवर गिटार टांगलेली; शेजारी हार घातलेला भारतचा फोटो. नादबाबांनी गिटारीच्या पोटावरल्या गोल भोकाशी तोंड नेले आणि घशाच्या तळातून हाक काढली, ‘‘भाऽऽऽऽ!’’

हाक थांबली. आवाज मात्र थांबला नाही. कुणाचाही हात लागलेला नसताना गिटार घुमत राहिली; आडाच्या तळाशी कुणी पुटपुटावे तशी.

‘‘बोललं! पोरगं बोललं!’’ शेजारचे व्यंकटीनाना ओरडले आणि सगळी खोली जमिनीवर वाकली.

भारतची बहीण पुनम तेवढी वाकली नाही. ती आईकडे पाहत होती. सरजाबाई भिंतीला टेकून तांब्यामागून तांब्या पाणी रिचवत होत्या. तीन दिवस त्यांनी इन्सुलिनची सुई टोचून घेतली नव्हती. त्यांच्या श्वासाला नासत चाललेल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागला होता, आणि त्या घुमण्यापेक्षा पुनमला तो वास भयंकर वाटत होता.

भारत मन्याड नदीच्या पाण्यात बुडाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. तेव्हापासून सहा वर्षे, सांजवात लावली की सरजाबाई त्याच्या गिटारीची एक तार छेडत. आणि आवाज खरोखरच बदलत गेला. आधी कोवळा, चिरका. मग वर्षागणिक भरदार, खोल. भारत जगता तर पंचविशीत त्याचा झाला असता, तसा. ही गोष्ट नादबाबांच्या कानी पडली आणि त्यांनी ‘शुद्धी’साठी गिटार अकरा दिवस मठात नेली. परत आली ती बोलतच.

‘‘आत्मा लाकडात वाढून राहिलाय, माय!’’ बाबा म्हणाले. ‘‘उद्या पुनवेला तुला भेटणार. तवर आणखी एक दिवस अंगात लोखंड जाऊ देऊ नको. सुईला आत्मा लई भितो!’’

बाबांच्या मनगटातल्या लोखंडी कड्याला मात्र तो आत्मा भीत नव्हता.

‘‘आई, दवाखान्यात चल गं,’’ पुनम कानाशी वाकली.

‘‘तुला भाऊ यायला नको हाय का?’’ सरजाबाईंनी तिचा हात झिडकारला.

एवढ्यात गर्दी सारीत फारूक आत आला. नांदेडला वाद्यदुरुस्तीचे दुकान चालवणारा, भारतचा जिवलग. ही गिटार त्यानेच निवडून दिली होती. पुनमने सकाळीच त्याला फोन केला होता. त्याने गिटार भिंतीवरून काढून आडवी ठेवली आणि तारांवरून बोट फिरवले.

‘‘तारा तर कोऱ्या हायत. मठात बदलल्या वाटतं?’’

‘‘हात काढ! आत्मा कोपंल!’’ बाबा गरजले.

‘‘कोपू द्या. जित्ता होता तवा रोज शिव्या द्यायचा मला.’’

त्याने खिशातले बसचे तिकीट फाडले, चिटोरा दुमडून एका तारेवर बसवला आणि बाबांच्याच सुरात हाक दिली. चिटोरा थरथरला, उडून पडला. मग त्याने तो पुन्हा तारेवर बसवला आणि सूर जरासा चढवला. चिटोरा जागचा हलला नाही.

‘‘प्रत्येक तारेचा एक सूर असतो. तोच सूर जवळ लागला की तार आपोआप हलते. बाबांनी आपल्या गळ्याला तार जुळवून ठेवलीय, बस्स.’’ त्याने खुंटी पिळून तार सैल केली, बाकीच्या तारांवर तळवा दाबला. ‘‘आता मारा हाक, बाबा.’’

बाबांनी हाक मारली. एकदा. पुन्हा. गिटार मुकी राहिली.

‘‘आत्मा रुसला!’’

‘‘खुंटी पिळल्यावर रुसतो व्हय?’’ मागून कुणी तरी हसले, आणि ते हसू दबकत पसरत गेले.

सरजाबाई हसल्या नाहीत. ‘‘आवाज मोठा झालाय, फारूक. बाबा यायच्या कितीतरी आधी. माझ्या कानांनी ऐकलंय म्या.’’

फारूक त्यांच्यासमोर बसला. ‘‘ते खरं हाय, काकू. लाकूड वर्षानुवर्षं वाळतं, आतला चीक खडखडीत होतो. फळी हलकी होते, मोकळी हलते, म्हणून आवाज खुलतो. वाजवल्यानं किती अन् वाळल्यानं किती, यावर आम्ही कारागीर अजून भांडतो. पण माझ्या दुकानातल्या जुन्या गिटारी अशाच बोलतात. त्यांचे मालक जित्ते हायत.’’

‘‘मग... त्यो न्हाई त्यात?’’

फारूकने मान खाली घातली. ‘‘न्हाई, काकू.’’

सहा वर्षांपूर्वी नदीकाठी फोडला होता तसा हंबरडा सरजाबाईंनी फोडला. पत्रा तापून कडकडत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी लेकीपुढे दंड धरला. ‘‘टोच.’’

‘‘घरची सुई आता पुरायची न्हाई, आई. दवाखान्यात चल,’’ पुनम म्हणाली. व्यंकटीनाना जीप काढायला धावले.

डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर पौर्णिमेची भेट खरोखरच घडली असती.

नादबाबा त्या गोंधळात चाकूरच्या वाटेला लागले होते. तिथेही कुणाच्या तरी भिंतीवर हार घातलेला फोटो असेलच. म्हणून वाचणाऱ्याने एवढेच करावे: नवल दिसले की हात जोडण्याआधी हात लावून पाहावा, आणि हात लावू न देणाऱ्याला दाराबाहेर ठेवावे. मेलेल्यांसाठी रडावे, पोटभर रडावे. पण त्यांच्या नावाने जिवंत माणसाचे औषध कुणी तोडू लागला, तर तो देवाचा नव्हे, मरणाचा दलाल आहे.