माझ्या पळसाची पाच पानं

मित्रांनो, मी घाटकोपरच्या एका शाळेतला झाडांचा जुना तक्ता आहे. जुना म्हणून मान द्याल, तर नको. माझी गोष्ट ऐकलीत की तुम्हीच म्हणाल, याला कसला मान!

१९५४ साली गिरगावातल्या एका रंगाऱ्याने मला कापडावर रंगवलं. बारा झाडं आणि खाली त्यांची नावं. त्याने पळस जन्मात पाहिला नव्हता. म्हणीतली तीन पानं त्याला भुंडी वाटली, म्हणून त्याने देठावर पाच काढली. खोटं कशाला बोलू, मलाही ती आवडली.

चौथीच्या वर्गात भिंतीला ओल होती. विद्याधर गुरुजींनी मला खिडकीवरच टांगलं. "बरं झालं, पोरांचं लक्ष बाहेर जायला नको," ते म्हणाले. खिडकीबाहेर एक झाड होतं. मुलं मधल्या सुट्टीत त्याच्याखाली डबे खायची, पण त्याचं नाव कुणी विचारलं नाही. नावं माझ्याकडे होती ना! कुंदा तर बाराही झाडं डोळे मिटून सांगायची. गुरुजी म्हणायचे, "झकास!" आणि मीच फुगायचो.

मग शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. "ही आमची कुंदा, कधी चुकत नाही," गुरुजी म्हणाले. साहेबांनी सगळ्यांना बाहेर त्या झाडाखाली नेलं. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"सांग बाळ, हे कोणतं झाड?"

कुंदाने पानं मोजली. "पळस वाटतो, पण नाही. याला तीनच पानं आहेत. तक्त्यात पाच आहेत."

"अगं, म्हण येते ना तुला?"

"पळसाला पाने तीनच," तिने घडाघडा म्हटलं आणि पानं पुन्हा मोजली.

शिपाई दत्तारामला राहवेना. "गो चेडवा, ह्यो पळसच! सत्यनारायणाक ह्याच्याच पत्रावळीर जेवलंस मा?"

सगळा वर्ग हसला. चूक माझी, आणि रडली ती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर कुंदा एकटी आत आली. वाटलं, आता ही मला फाडणार. फाडलं असतं तर बरं! तिने पळसाची डहाळी माझ्याजवळ धरली, नीट पाहिलं आणि शिसपेन्सिलीने माझ्या दोन पानांवर फुल्या मारल्या. मग मला गुंडाळून ठेवलं आणि खिडकी उघडली.

तेव्हापासून मी कपाटामागे आहे. मित्रांनो, तक्ते जपा, नको म्हणत नाही. पण आधी झाडाखाली जा, पान हातात घ्या, मग माझ्याकडे या. आणि कुणी मला पुसायला घेतलंच, तर त्या दोन फुल्या तेवढ्या राहू द्या. त्या पळसात खरं असं तेवढंच आहे.