शंभराला दोर

कमठाण्याचा नरसिंग विहिरीत उतरला की काठावर मोजणी सुरू व्हायची. घागर पडो की माणूस, कमरेला दोर बांधून तो बुडी मारायचा आणि वरचे मोठ्यानं एक, दोन, तीन म्हणायचे. शंभर झाले की दोर ओढायचा, मग त्याच्या हाती काही लागलेलं असो वा नसो. या नियमानं नरसिंग तीस वर्षं जगला, आणि याच नियमानं सहा वर्षांपूर्वी शेतातल्या विहिरीत पडलेली त्याची आठ वर्षांची विमल गेली. त्या दिवशी शेतात दुसरं कुणी नव्हतं. दोर बायकोच्या, कोंडाबाईच्या हातात होता.

शहाऐंशी साली धरणाच्या दारांच्या कामाला पाणबुडे हवे होते. चौघांत नरसिंगची वर्णी लागली. धरणावर आठ दिवस शिकायचं, परीक्षा द्यायची, पास झाला तर दाखला आणि कायमची नोकरी. नोकरी कुणाला नको असते? पण खरं सांगायचं तर त्याला ती पाठीवरची हवेची टाकी बघायची होती.

शिकवायला आरमारातून निवृत्त झालेले गुलबर्ग्याचे गुरुशांतप्पा होते. माणूस महातापट. पहिल्याच दिवशी त्यांनी नरसिंगला दंडाला धरून वर आणलं.

"दम कामून धरायलास रे? नळी तोंडात हाय की! हवा छातीत कोंडून वर आलास तर फुप्फुस फुटंल."

"सवय हाय, अण्णा."

"चुलीत घाल सवय!"

बाकीचे हसले. सात दिवस नरसिंग शिव्या खात राहिला.

परीक्षेला तळाशी दहा मिनिटं बसायचं होतं. तो गाळात गुडघे टेकून बसला आणि मनात आकडे सुरू झाले. नव्वद. शंभर. कुणी ओढलं नाही. एकशे दहाला त्याच्या ध्यानात आलं, आपण चक्क श्वास घेतोय. त्या दिवशी विमलच्या परकराचा काठ मुठीत आला होता. तेवढ्यात दोराला हिसका बसला आणि काठ फाटला. आणखी दहा आकडे मिळाले असते तर! तो मास्कच्या आत ढसाढसा रडला. वर आल्यावर गुरुशांतप्पांना वाटलं, मास्क गळतोय. त्यांनी त्याला पास केलं.

घरी कोंडाबाईनं पदराला हात पुसून दाखला घेतला, उलटसुलट पाहिला.

"किती येळ ऱ्हाता येतंय खाली?"

"अर्धा तास."

"आन् दोर?"

"असतोय. पर आपण खूण केल्याबिगर वढत न्हाईत."

तिनं दाखल्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्या दिशी तुमच्या हाताला काय लागलं व्हतं का वो?"

दोर ओढणाऱ्या तिच्याच हातून पोर गेली हे तिला कधी कळू द्यायचं नाही, एवढं एकच त्यानं सहा वर्षं सांभाळलं होतं. त्यानं दम धरला.

"न्हाई."

कोंडाबाईनं दाखल्याची घडी घातली.

"वर आलात तवा शुद्ध नव्हती तुमास्नी," ती म्हणाली. "मूठ मीच सोडवली. काठ व्हता तिच्यात."