माळवं नव्हे, माळवद

रिकी सबनीसच्या गाण्यात एक शब्द चुकला होता. तो त्याला तोंडावर सांगायचा, एवढ्यासाठी मी लातूरला गेले. गाणं ऐकायची मला हौस नव्हती.

माझी नात ऋतुजा लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. निकाल चांगला लागला म्हणून क्लासच्या सिद्धलिंग सरांनी मंगल कार्यालयात दुपारचा रिकीचा कार्यक्रम ठेवला होता. पालकांना पास होते. माझ्या लेकाला, श्रीमंतला, सवड नव्हती. मी म्हटलं, मी जाते.

तो शब्द माझा होता. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तेव्हा मुंबईहून गाणारे लोक मदतीला आले. त्यात हा होता, लांब केसांचा, पोरगेलासा. मी ढिगाऱ्यातून काढलेल्या जात्यावर दळत होते आणि तोंडात आपोआप आलं होतं:

माळवद आलं खाली, माझी सिंधू गं आत
मातीमधून दिसं, हिरव्या चुड्याचा हात

सिंधू माझी थोरली. लग्नाला चार महिने झालेले, गौरी-गणपतीला माहेरी आली होती. रिकीनं टेप पुढं धरला, "आई, पुन्हा एकदा" म्हणाला आणि ऐकताना रडला. मला ते बरं वाटलं. पुढच्या लगीनसराईत निलंग्याच्या स्टँडवर, कॅसेटच्या दुकानात, ते ढोलकीवर वाजत होतं:

माळवं आलं दारी, माझी सिंधू गं आत
भाजीमधून दिसं, हिरव्या चुड्याचा हात

पंचवीस वर्षं ते वरातीत वाजतंय. मी मनाची समजूत घातली होती. मुंबईच्या माणसाला घरावरचं माळवद काय ठाऊक? त्याला माळवं ऐकू आलं, म्हणजे भाजीपाला, आणि मग मातीची भाजी झाली. चूक कुणाचीही होते. सांगितलं तर तो ओशाळेल, गाणं थांबवेल, असं मला वाटत होतं.

कार्यालय पोरापोरींनी भरलं होतं. शेजारच्या खुर्चीत नांदेडचे खाजाभाई बसले होते, त्यांचा जीशान ऋतुजाच्याच वर्गात आहे.

"मावशी, माझ्या वरातीत ह्याच्याच गाण्यावर घोडी बिथरली," ते म्हणाले. "मी नालीत पडलो आन नवरी फिदीफिदी हसून राहिली."

"कोणतं गाणं?"

"तेच की, भाजीवालीचं!"

मी स्टेजकडं तोंड फिरवलं.

रिकी आला. चकचकीत कोटात पोट मावत नव्हतं. केसांचा काळा रंग घामाबरोबर कानामागून ओघळत होता. तो मधेच पाणी प्यायला, तरी त्याचा आवाज गातच राहिला. गाणं मशीन म्हणत होतं, हा नुसतं तोंड हलवत होता. मग गळ्यातला ओला टॉवेल त्यानं पोरींवर भिरकावला आणि पोरी त्याच्यासाठी ओढाताण करू लागल्या.

"फर्माईश चिठ्ठीवर लिहून द्या," सिद्धलिंग सर माइकवर म्हणाले.

मी ऋतुजाचा शाईचा पेन घेतला. बेचाळीसाव्या वर्षी त्याच शेडात साक्षरता वर्गाच्या बिलकीसबाईंनी मला अक्षरं शिकवली. स्वतःच्या नावाआधी मी सिंधूचं नाव लिहायला शिकले. पासाच्या मागं सावकाश लिहिलं: माळवं न्हाई, माळवद. आमच्या घराचं माळवद पडलं, त्यात माझी सिंधू गेली. चुडा तिचा. केवळाबाई, पत्र्याचं शेड.

"आज्जे, काय लिहायलीस? दाव की," ऋतुजा म्हणाली.

"तुझ्या कामाचं न्हाई. पुढं पाठीव."

चिठ्ठी हातोहात रिकीकडं गेली. त्यानं वाचली. परत वाचली. मशीन बंद करायला लावलं. मी खुर्चीत पुढं सरकले. म्हटलं, आठवलं त्याला.

"दोस्तांनो," तो जड आवाजात म्हणाला, "ह्या गाण्याचे खरे शब्द आज मला मिळाले. भूकंपाचे शब्द! मोबाइलचे दिवे लावा."

दिवे लागले. पहिली ओळ त्यानं खरंच स्वतः म्हटली, माळवद म्हणूनच. खाजाभाई माझ्याकडं वळले आणि माझा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. मग ढोल सुरू झाला.

"आता सगळे माझ्याबरोबर! माळवद आलं म्हटलं की हात वर! खाली म्हटलं की धप्पकन खाली बसायचं! एक, दोन..."

माळवद आलं... हात वर गेले. खाली! पाचशे पोरं एकदम खाली बसली. खिदळत उठली, पुन्हा बसली. सिद्धलिंग सरही बसले. माझ्या शेजारी ऋतुजा बसली. ती दुसऱ्यांदा उठता उठता तिनं माझ्याकडं बघितलं आणि तशीच अर्धी वाकून राहिली.

तो शब्द मीच त्याच्या हातात दिला होता. भाजीची भाजीच राहिली असती तर बरं झालं असतं.

गाणं संपल्यावर मी स्टेजच्या पायऱ्या चढले. त्याच्या अंगाला अत्तराचा आणि घामाचा एकत्र वास येत होता.

"माझी चिठ्ठी दे," मी म्हणाले.

"हो आई, देतो की! नाव काय तुमचं?"

"लिवलंय त्यात."

त्यानं बघितलं नाही. जाड पेन काढला, चिठ्ठीवर तिरकी सही ठोकली, खाली बदाम काढला आणि माझ्याबरोबर फोटोसाठी गाल पुढं केला. मी चिठ्ठी ओढून घेतली. सहीची काळी रेघ सिंधूच्या नावावरून आरपार गेली होती.

ऋतुजा मला स्टँडपर्यंत सोडायला आली. बाकावर बसल्यावर म्हणाली, "आज्जे, फाडून टाक ते."

"कसं फाडू? सिंधू हाय त्यात."

मी बोटाला थुंकी लावून सही पुसायला गेले. सही तशीच राहिली, माझी अक्षरं मात्र विरघळली.

"माळवद म्हंजे काय, ठाव हाय का तुला?" मी विचारलं.

"छत ना? मातीचं."

"लाकडं टाकायची, त्यावर चिपाडं आन वर हातभर माती. दर साली पावसाच्या आधी पांढरी माती चढवायची, गळू नये म्हणून. जुनी काढत न्हाईत, वर नवीच टाकतात. आमच्या माळवदावर तीन पिढ्यांची माती होती. त्या सालची शेवटची पाटी सिंधूनं भरून दिली आन मी वर टाकली."

निलंग्याची गाडी लागली. ऋतुजा उठली नाही.

"आज्जे, मीबी खाली बसले."

"बघितलं मी," मी म्हणाले आणि गाडीत चढले.