छत ठीक

हरिनाम सप्ताहाच्या सातव्या दिवशी सकाळी जिजाबाई रिकामी बादली घेऊन परत आली, तेव्हा शालिकरामनं चहाचा कप खाली ठेवला.

"आहो, मंदिराच्या विहिरीचं पानी गेलं ना! काल संध्याकाळी दोन पुरुष खोल होतं. आता नुसता गाळ दिसून राहिला."

"उपसलं असंन कोनी. चारशे मानसाचा सैपाक हाये."

"मोटर तर चालली पायजे? लाइनच नोती रातभर."

शालिकराम उठला. कोपऱ्यातली पितळी टोकाची काठी त्यानं उचलली आणि मंदिराची वाट धरली. काठी म्हातारपणाची आहे, असं गाव समजे. तशी ती नव्हती.

नागपूरहून तासाभराच्या अंतरावर असलेल्या या बोरडोह गावाच्या पोटात कोळशाची खाण होती. ती बंद पडून अकरा वर्षं झाली. तिच्यात शालिकराम सव्वीस वर्षं सरदार होता. सरदाराचं काम एकच, मजूर आत शिरायच्या आधी छत ठोकून पाहायचं. काठी दगडावर मारली आणि 'ठण्ण' वाजलं, तर खुशाल कामाला लागा. पण मृदंगाच्या डाव्या अंगासारखं 'धुब्ब' वाजलं, तर समजायचं की दगड सुटला, वर पोकळ झालं. अशा वेळी ओरडायचं नाही, धावायचं नाही. सरदारानं हलक्या आवाजात म्हणायचं, "चला गा, डबे खाऊ." सकाळी नऊ वाजता डब्याचं नाव निघालं की जुनी माणसं काय ते ओळखत आणि मुकाट्यानं पाऊल उचलत.

आणि कोळसा कधी सगळा काढायचा नसतो. मधे मधे कोळशाचेच जाड खांब सोडावे लागतात. वरची शेतं, घरं, देवळं त्यांच्याच डोक्यावर उभी असतात. गावाखालच्या खांबांना तर हात लावायची सोय नव्हती. पण खाण संपत आली, तेव्हा शेवटच्या वर्षी साहेब म्हणाला, "एवढे मोटे पिलर हैं, सरदार. दोनों तरफ से थोडा छील लिया तो क्या बिगडता है?" थोडं थोडं करता अर्धे खांब विजेच्या कारखान्यात जळून गेले. शालिकराम रोज वहीत 'छत ठीक' असं लिहून खाली सही करत राहिला. ही गोष्ट त्यानं जिजाबाईलाही सांगितली नव्हती.

मंदिरासमोर, रस्त्यापल्याडच्या पिंपळाच्या पारापाशी त्यानं पहिल्यांदा काठी ठोकली. ठण्ण. विहिरीच्या कडेला ठोकली. आवाज जरा बसका. मग नागपूरच्या इतवारीतून आणलेल्या झालरीच्या मंडपात शिरून त्यानं मंडप तोलणाऱ्या मधल्या लाकडी बल्लीपाशी ठोकलं.

धुब्ब.

त्यानं पुन्हा ठोकलं. तेच. खाली शंभर फुटांवरचं छत अकरा वर्षं ढासळत ढासळत वर आलं होतं, आणि विहिरीचं पाणी त्याच पोकळीनं गिळलं होतं.

सप्ताह कमिटीचा सुमंत त्याच बल्लीवरून दहीहंडीची दोरी ताणत होता.

"सुमंत, आज फुगड्या नको घालू देऊ गा. लोकाईले रस्त्यापल्याड बसव, पिपळाखाली."

"काहून?"

"जमीन पोकळ लागून राहिली."

सुमंत हसला. "काका, तुमी रिटायर झाले ना? आता देवाच्या जाग्यालेही ड्यूटी लावली का? अन् पोकळ कशी होईन? खालचे खांब जसेच्या तसे हायेत, हे तुमीच तर सांगत होते अख्ख्या गावाले!"

शालिकरामनं काठी मागं घेतली. खरंच, त्यानंच सांगितलं होतं.

तेवढ्यात वीणा आला, टाळ आले आणि रुपराव महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पण आवाज असा की ऐकणाऱ्याचं मन लोण्यासारखं विरघळावं. मंडप गच्च भरला. बायकांत जिजाबाई टाळ्या वाजवत बसली होती. पुढं आठ वर्षांची नात भूमिका मैत्रिणींसोबत फुगडीची वाट पाहत ताटकळली होती. शालिकराम मागच्या बल्लीला टेकून उभा राहिला, काठी मुठीत आवळून.

"ऐका हो," महाराज रंगात आले होते. "माय यशोदेच्या घरी दूध रोज येत होतं. आज काढलं, उद्या पुन्हा आलं. पाऊस तसा, झाडाचा पाला तसा. त्यातलं घ्या, वासरापुरतं राखून घ्या. पन गाईच्या आंगात हाडंही असतात. दूध पुन्हा येते गा, हाडं येत नाईत! कोनी म्हनंन, मी थोडीच काढतो, तर गाय उभी कशावर राहीन?"

माणसं मान डोलावत होती. शालिकरामला मात्र तो बाण थेट काळजात लागला. जणू महाराजांनी भर मंडपात त्याची वही उघडली होती.

मग गजर सुरू झाला. मंडळी उठली. चारशे जणांची पावलं एका तालात पडू लागली आणि शालिकरामला मृदंगाखाली दुसरा मृदंग ऐकू आला. वरचा थांबला की खालचा क्षणभर उशिरा थांबे. धुब्ब. धुब्ब. तळपायातून ते वर चढत होतं. हंडीची बल्ली तसूभर कलली. ते कोणी पाहिलं नाही.

ओरडावं तर पळापळ होईल. न ओरडावं तर? भूमिकेनं मैत्रिणीचे हात धरून पाय जुळवलेही होते.

तो गर्दीतून वाट काढत पुढं गेला आणि त्यानं महाराजांचे पाय धरले. महाराज त्याला उठवायला वाकले, तसा तो त्यांच्या कानाशी लागला. "महाराज, खालच्या खाणीची हाडं मी काढली. सह्या माह्या हायेत. आता उडी पडली तर समदे खाली जातीन. धावू नका देऊ कोनाले."

महाराजांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तोंडावर ताबा असलेला माणूस! त्यांनी हात वर केला. मृदंग थांबला.

"मायबाप, आज काला पिपळाखाली," ते हसून म्हणाले. "गोपाळ चोरपावलानं जात होते ना लोनी खायाले? तसं जायाचं. टाळ नाही, टाळी नाही. ज्याच्या पायाचा आवाज आला, त्याले काला नाही!"

लोक खुदखुदले. मागच्या रांगा निघाल्या. इतकी माणसं आणि इतकी शांतता! शालिकराम दाराशी उभा राहून एकेकाचे पाय मोजत होता. मधेच भूमिका धावत सुटली.

"भूमे," तो हलकेच म्हणाला, "हळू वं. डबे खाऊ."

ती काही समजली नाही. पण मागून येणारे दोन जुने मजूर जागच्या जागी थिजले. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पोरीला उचललं आणि मांजराच्या पावलांनी रस्ता ओलांडला.

शेवटी महाराज आले, वीणा छातीशी धरून.

पिंपळाखाली सुमंत खवळला. "सात दिवसाचं पुन्य मातीत घातलं ना बुढ्यानं! काय झालं मंडपाले? सांगा ना, काय झालं?"

मंडप तसाच उभा होता. झालर वाऱ्यानं हलत होती.

"काही झालं नाही," शालिकराम म्हणाला. "पन मी खोटं बोललो होतो. खांब नाईत खाली. गावाखालचे खांब आमी छिलले. मी 'छत ठीक' लिहीत गेलो, रोज."

जुन्या मजुरांनी माना खाली घातल्या. जिजाबाई तर अशी पाहू लागली, जणू हा माणूस तिनं आजवर पाहिलाच नव्हता.

आणि तेवढ्यात मंडपाची मधली बल्ली खाली गेली. पडली नाही, सरळ खाली गेली, कोणी आतून ओढावी तशी. हंडी जमिनीला टेकून फुटली, झालर तिच्यामागोमाग आत ओढली गेली. मग सावकाश धूळ उठली. कुठल्या तरी बाईनं "माय वं!" म्हणून पोराला छातीशी घट्ट धरलं.

धूळ बसेपर्यंत कोणी हललं नाही. मग सुमंत जवळ आला. मघाचा ताठा उतरला होता. "काका... माह्या घरी माय खाटीवर हाये. ठोकून पाहान का?"

"माह्याही घरी, काका."

"आमच्या वट्ट्यावर बी."

"पाहातो," शालिकराम म्हणाला. "पहिले सुमंतच्या मायले बाहेर काढा, चौघं जा, हळू. अन् कोनी कोनाच्या घरात जाऊ नका मी ठोकल्याबिगर. तालुक्याले फोन लावा. माहं नाव सांगा त्याइले."

सुमंतचं घर ठण्ण वाजलं. त्याच्या शेजारचंही. पुढचं घर शालिकरामचं स्वतःचं होतं. उंबऱ्याच्या आत वाकून त्यानं काठी ठोकली. मग जरा आत, देव्हाऱ्याच्या पुढ्यात ठोकली.

जिजाबाई अंगणात उभी होती. तिलाही ऐकू आलं.

त्यानं मागं वळून पाहिलं. "पोकळ," तो म्हणाला. या वेळी खरं तेच.

चपला काढून ती आत आली, एकेक पाऊल जपून टाकत. देव्हाऱ्यातले देव तिनं पदरात घेतले, आणि पूजेची घंटी वाजू नये म्हणून तिचा लोलक बोटांत धरून ती बाहेर पडली.