दोन-दोन ठोके

मित्रांनो, माझ्या पोटाला उभी चीर आहे. तिच्यातूनच माझा आवाज निघतो, आणि त्याच आवाजाची मला लाज वाटते. फणसाच्या खोडाचा मी एक जुना केंतोंगान, म्हणजे गावाला हाक देणारं पोकळ लाकूड. पहाऱ्याच्या चौकीपुढे टांगलेलं.

मला पोनिरिनकाकांनी घडवलं. खरं तर ते पक्ष्यांचे पिंजरे विणणारे. वीस दिवस ते मला कोरत होते. मधूनच बोटाने टकटक करायचे आणि कान लावून ऐकायचे. शेवटी म्हणाले, "झालास बाबा. आता गावाची अब्रू राख."

एक-एक सुटा ठोका म्हणजे कुणी गेलं. तीन-तीन म्हणजे आग. दोन-दोन म्हणजे चोरी; ते ऐकले की हातातलं काम टाकून धावायचं, आणि शेजारच्या वाडीने आपल्या केंतोंगानवर तेच ठोके वाजवून पुढे धाडायचे. एकदा माझ्या हाकेने दोन घरं जळता जळता वाचली. तेव्हा मुलं माझ्या अंगावरून हात फिरवायची.

मग ती सकाळ आली. सुमिराहवहिनींच्या घरी पिंजऱ्यात एक होला होता, कबुतरासारखं घुमणारं पाखरू; त्यांच्या नवऱ्याचा जीव की प्राण. वहिनी धावत आल्या, काठी उचलली आणि माझ्यावर दोन-दोन ठोके घातले.

"होला गेला. पिंजरा रिकामा आहे."

"सकाळपासून घरी कोण आलं होतं?" कुणीतरी विचारलं.

"पोनिरिनकाका. पिंजऱ्याची काडी बदलायला."

एवढं पुरलं. माझे ठोके सात वाड्यांत पोचले होते. त्यांच्या मागोमाग काकांचं नावही गेलं.

काकांना चौकीपुढे आणलं. चहावाली तुगियेम म्हणाली, "काय काका, पिंजरा दुरुस्त केलात की पाखरू लंपास?" लोक हसले.

"वहिनी, मी निघालो तेव्हा होला आतच होता," काका म्हणाले. "नंतर पाणी ठेवायला दार तुम्ही उघडलं असेल ना?"

"म्हणजे मी खोटी?"

"तसं म्हणालो नाही हो."

"हो म्हणणारा चोर बघितलाय का कुणी?" गर्दीतून आवाज आला.

लोकांनी त्यांचं घर धुंडाळलं, अर्धे विणलेले पिंजरे तुडवले. काही सापडलं नाही. "लपवला असणार," म्हणाले. न सापडणं हाही पुरावाच झाला.

मित्रांनो, डोळ्यांनी दिसला होता तो फक्त रिकामा पिंजरा. चोरी आम्ही मनाने जोडली, आणि मग त्या चोरीला चोर जोडला. मी मात्र दोन्ही गोष्टी डोळ्यांदेखत घडल्यासारखा ओरडलो होतो.

त्यानंतर बाजारात काकांच्या पिंजऱ्यांना कुणी हात लावेना. त्यांची पहाऱ्याची पाळी न विचारता दुसऱ्याला दिली गेली. माझ्यासमोरून जाताना ते मान खाली घालायचे. घालायला हवी होती मी.

नवव्या दिवशी भर दुपारी होला परत आला. अंगणात पिंजरा उंच टांगायला रोवलेल्या बांबूच्या टोकावर बसून घुमू लागला. वहिनींनी त्याला पाहिलं, मग पिंजऱ्याच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यांना आठवलं. पाणी ठेवून त्यांनी कडी लावलीच नव्हती.

त्या माझ्यापाशी आल्या. काठी उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या. काय वाजवणार? 'सगळं ठीक आहे' असे ठोके आहेत, पण ते गावासाठी. 'या माणसाने चोरी केली नाही' असा ठोका कुणी ठरवलेलाच नव्हता. काठी अडकवून त्या काकांच्या दारी गेल्या.

"काका, माझं चुकलं. सातही वाड्यांत मी स्वतः जाऊन सांगते."

"ठोके पळत गेले होते वहिनी. तुम्ही चालत जाणार."

"जाईन की."

रोज एक वाडी, अशा त्या सात दिवस गेल्या. तरी चौथ्या वाडीतले लोक अजून काकांना पाहून कोंबड्या आत घेतात.

म्हणून सांगतो मित्रांनो, काठी उचलण्याआधी स्वतःला विचारा, आपण काय पाहिलं आणि काय नुसतं धरून चाललो. तेवढा वेळ थांबलात, तर माझी काळजी घेतल्यासारखंच आहे.

यंदा माझी चीर खालून फाटली. दुरुस्तीला येणार कोण? पोनिरिनकाकाच. त्यांनी भेग बुजवली, बोटाने एक टिचकी मारली आणि कान लावला. मला क्षमा मागायची होती. निघालं ते नुसतं 'ठक'.

काका थोडा वेळ तसेच कान लावून राहिले.

"आवाज बरा आहे," म्हणाले, आणि काठी पुन्हा खुंटीवर अडकवून गेले.