न धुतलेली वाकळ

सोमारीचं माहेर सावलीचं, सासर अहेरीचं. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, पण पोरीला त्याचा काय उपयोग? मध्ये वैनगंगा, मध्ये जंगल, आणि बैलगाडीनं दिवसच्या दिवस जायचे. लग्नाला दीड वर्ष झालं तरी तिला माहेरी धाडायचं नाव कोणी काढत नव्हतं. नवरा लटारू लाकडाच्या डेपोत कामाला. तो सगळं आईवर सोपवून मोकळा. आणि सासू म्हणायची, "धान निघू दे." धान निघालं. मग म्हणाली, "मोहाची फुलं वेचून होऊ दे." रानाकाठच्या घरात कामाला कधी तोटा असतो का!

फाल्गुनात सावलीच्या मुखरूभाऊची गाडी तांदूळ घेऊन अहेरीच्या बाजाराला आली, आणि तिच्यातून सोमारीच्या मायनं, शकुबाईनं, धाडलेली वाकळ उतरली. शिंप्याच्या दुकानातल्या चिंध्या जमवून शिवलेली; मधे मधे बापाच्या धोतराचे तुकडे, भावाचा शाळेतला सदरा, आणि काठाला मायच्या जुन्या लुगड्याचा पदर. मुखरूभाऊनं सोमारीला बाजूला घेऊन निरोप दिला, "माय म्हणे, थंडीभर म्याच अंगाखाली घेतली, अन् मुद्दाम नाई धुतली."

सोमारीला ते लगेच उमजलं. वाकळीत तोंड खुपसलं की चुलीचा धूर, धानाचा कोंडा, मायच्या केसांतलं तेल, सगळं घर नाकात शिरायचं. रोज ती थोडी रडायची आणि मग तिला गाढ झोप लागायची. पण सासूला हे सांगायचं कसं? मायनं लेकीच्या घरी मळकी वाकळ धाडली, हे कोणत्या तोंडानं बोलणार?

आणि सासू होती गुणाबाई. लोक पोरींना खाष्ट सासूची भीती घालतात. खाष्ट परवडली, पण स्वच्छ सासू नको. हिच्या घरातली भांडी घासून घासून पातळ झाली होती. एक दिवस सून मोह वेचायला गेली तशी हिनं मोठ्या मायेनं वाकळ काढली, राखेच्या पाण्यात उकळली, दगडावर आपटली, उसवलं होतं तिथं टाके घातले. करायला गेली गणपती अन् झाला मारुती!

सोमारी टोपली उतरवते तर कुंपणावर वाकळ. ती धावली, तोंड खुपसलं. राखेचा वास, उन्हाचा वास. बाकी काही नाही. ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडायला लागली.

"काऊन व? रंग तर नाई गेला," गुणाबाई घाबरली. "पाह्य, फाटलं होतं तेबी शिवलं म्या."

"मायचा वास होता तिले, आत्याबाई."

गुणाबाईनं वाकळीचा काठ हातात धरला. म्हणाली, "मलेबी माह्या मायनं धाडली होती. लहान होती मी. मळकी दिसली म्हणून त्याच दिवशी नदीवर नेऊन धुतली. माय मेली तवा त्या वाकळीत नाक घालून बसत होती मी. काईच नव्हतं, पोरी. काईच नाई."

सोमारी रडायची थांबली. सासूलाही कधी माय होती, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मुखरूभाऊ आला, तेव्हा गुणाबाईनं वाकळ त्याच्या गाडीत टाकली आणि सुनेलाही वर बसवलं. लटारू कुरकुरला, "दोन-चार दिवस राहून वापस ये म्हणा. घरी कामं पडले."

"दोन-चार दिवसांत काय होते रे?" गुणाबाई त्याच्यावर खेकसली. मग सुनेकडे वळली. "मायले सांगजो, रोज अंगाखाली घे म्हणा. वास भरायले महिना लागते. त्याच्या आधी येऊ नको."