मेलेल्याच्या मापाचे जोडे

माझ्या दिराने माझ्या नवऱ्याचा खून केला, आणि तोही त्याला धड करता आला नाही. कुठलंच काम त्याला कधी धड जमलं नाही. दोघा भावांचं जोडे शिवायचं दुकान होतं. माप घेणं, कातडं बेतणं, गिऱ्हाईक सांभाळणं, सगळं माझा नवरा करायचा. दीर टाचा ठोकायचा आणि दुकान आपल्याच जिवावर चालतं म्हणून सांगत फिरायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार.

एका सकाळी नवरा दिसेनासा झाला. "दादा कुणा बाईबरोबर पळाला," असं याने गावभर केलं, आणि वर माझ्यासाठी डोळेही पुसले. मी दिसले की बायका बोलता बोलता थांबायच्या. टाकलेली बाई नवऱ्यासाठी रडली तर लोक हसतात, म्हणून मला रडायचीही चोरी झाली.

पण या दीडशहाण्याने भावाचे जोडे पॉलिश करून दुकानाच्या फळीवर विकायला ठेवले. पुरताना काढून घेतले असणार. चांगलं कातडं वाया कसं घालवायचं?

"भावजी, हे तर यांचे जोडे," मी म्हटलं. "मग हे काय अनवाणी पळाले?"

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी पोलिसांकडे गेले, तर ते म्हणाले, "दुसरा जोड असेल की, बाई." तोवर फळीवरचा जोड नाहीसा झाला होता.

पण प्रश्न काही त्याच्या डोक्यातून नाहीसा झाला नाही. "वहिनी, मागच्या अंगणात कुणीतरी अनवाणी चालतंय," असं तो भर दुपारी म्हणू लागला. मला काही ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, "हो, मलाही वाटलं."

मग तो भावाच्या मापाचे जोडे शिवायला बसला. अंगणात कातडी भिजवायचा जुना हौद होता, तो याने नुकताच बुजवला होता. शिवलेला जोड तो नेमका त्या मातीवर ठेवायचा. सकाळी जोड जागच्या जागी. मग आणखी मऊ कातडं, आणखी एक जोड. गिऱ्हाइकं तुटली, याचे गाल बसले. सख्खा भाऊ मारला त्याचं काही नाही, आणि त्याच्या पायाला खडे टोचतात म्हणून हा रडायचा. मला शिसारी यायची.

"वहिनी, दादा घालत का नाही? माप चुकतंय का माझं?"

"आता पाय मोजल्याशिवाय कसं कळणार, भावजी?"

दुसऱ्या दिवशी दुकानात माणसं बसलेली असताना तो मापाची पट्टी आणि फावडं घेऊन उठला. आम्ही सगळे त्याच्या मागून अंगणात गेलो. त्याने हौद उकरला, गुडघ्यावर बसला आणि जे काही उरलं होतं त्याला पट्टी लावली.

"बरोबर होतं माप," तो म्हणाला. कुणीतरी पोलिसांना आणायला धावलं. याने माझ्याकडे मान वळवली. "वहिनी, तुम्ही रागावलात का माझ्यावर?"

"राग माणसाचा येतो, भावजी."

मग मी तिथेच मातीत बसले आणि सगळ्या गावादेखत माझ्या नवऱ्यासाठी मोठ्याने रडले. कुणी हसलं नाही.